पारावर न ठेवलेला सुरा

इलियासचा सुरा त्याच्या बापानं घडवला होता. मोटारीच्या कमानीची पट्टी तापवून आणि ठोकून काढलेलं वीतभर पातं, म्हशीच्या शिंगाची मूठ आणि जाड चामड्याचं म्यान. बापाचं नाव निजामुद्दीन. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. शहरात, शहागंजात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, एक भाता आणि धार लावायचं चाक. पण सिल्लोडपासून देवगाव रंगारीपर्यंत ज्यांना रानात जावं लागे, ते मधवाले, लाकूडतोडे, मोजणीचे खलाशी सुरा घ्यायचा तर चाचांकडूनच घ्यायचे.

चाचांच्या पात्यापेक्षा त्यांच्या म्यानाचं नाव मोठं होतं. म्यानाचा पट्टा ते इतका आखूड शिवायचे की सुरा कमरेखाली लोंबायचा नाही, वर उभा राहायचा. कमरपट्टा सदऱ्यावरून बांधायचा आणि मूठ चार हातांवरून दिसली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तो सुरा झाकायचा म्हटला तर पट्टा सोडून कमरेवरून काढावाच लागे. चालता चालता सदऱ्याखाली सरकवता येईल असं म्यान त्यांनी कधी शिवलं नाही. एकदा माझ्यासमोर एका गिऱ्हाइकानं विचारलं, "चाचा, पट्टा जरा लांब ठिवा की. कोटाखाली राहील."

चाचा चाक थांबवून म्हणाले, "झाकायचा असंल तर बायकोची विळी घेऊन जा बाबा. मेरे दुकान का नहीं."

ही रीत एकट्या चाचांची नव्हती. आमच्या डोंगराचीच होती. रानात पातं उघड्यावर बाळगायचं. समोरून येणाऱ्याला दिसलं पाहिजे की याच्याजवळ सुरा आहे आणि तो म्यानात आहे. गावात शिरताना तो कमरेवरून सोडून, म्यानासकट मारुतीच्या पारावर ठेवायचा. गावातून निघताना उचलायचा. तोवर त्याला कुणी हात लावत नसे. पारावर सुरा ठेवलेला माणूस गावचा पाहुणा. मग तो कुठला, कोण, हे मागाहून. आणि ज्यानं काही ठेवलं नाही, त्याच्याजवळ काही नाही असं गाव धरून चालायचं.

पोलीस ॲक्शनला सव्वा वर्ष झालं होतं. जहागिऱ्या खालसा झाल्या होत्या आणि डोंगरातल्या रानाच्या हद्दी नव्यानं मोजायचं काम निघालं होतं. आमचे मोजणीदार नानासाहेब. त्यांच्या हाताखाली आम्ही तिघं खलाशी, म्हणजे मोजणीचे गडी. मी, बन्सी आणि इलियास. मी देवगाव रंगारीचा, एकोणीस वर्षांचा. इलियास माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. मी आणि बन्सी साखळी ओढायचो. इलियास पुढं जाऊन रेषेत येणारी झुडपं तोडायचा, म्हणजे नानासाहेबांना दुर्बिणीतून पलीकडची झेंडी दिसे. दोन राहुट्या होत्या, आणि दर चार दिवसांनी त्या उपटून पुढच्या दरीत ठोकायच्या. लोकांजवळची हत्यारं सरकारनं जमा करून घेतली होती, पण खलाशांना कामापुरते कोयते-सुरे बाळगायची परवानगी होती. तसा शिक्क्याचा कागद नानासाहेबांच्या पेटीत होता.

इलियासच्या सुऱ्यावर आमचा सगळा संसार चालायचा. सकाळी त्यानं बोरीबाभळी तोडायच्या, दुपारी कांदा चिरायचा, संध्याकाळी राहुटीच्या खुंट्यांना टोकं काढायची. काम झालं की तो पातं पुसून करडईच्या तेलाचं बोट फिरवायचा आणि मगच म्यानात घालायचा. एकदा माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. दोन दिवस मी लंगडत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं मला उताणं पाडलं, बन्सीला माझ्या छातीवर बसवलं आणि सुऱ्याच्या टोकानं काटा काढला. रक्ताचा एक थेंब आला असेल नसेल.

"रडू नको," तो म्हणाला, "तुझ्या बायकोला सांगीन हां, काट्याला भ्यायला म्हणून."

"मला बायको कुठं हाय?"

"म्हणूनच नाय. अशा रडक्याला कोण देतंय?"

बन्सीला त्याची चेष्टा करायची फार हौस. म्हणाला, "इलियास, तू नमाजाला बसतो तव्हा सुरा कुठं ठिवतो रं?"

"तुझ्या भाकरीच्या टोपल्यावर."

"काऊन?"

"म्हणजे मी उठंपर्यंत माझ्या वाटणीची भाकर शिल्लक राहती."

नानासाहेबसुद्धा हसले होते. ते एरवी हसत नसत.

पौषाच्या महिन्यात आम्ही घोणसदरीच्या शिवेला पोचलो. नानासाहेबांनी मला आणि इलियासला पुढं पाठवायचं ठरवलं. गावाला सांगायचं की परवा साखळी येईल, जुन्या माणसांनी हद्दीचे दगड दाखवायला हजर राहावं. रात्री तिथंच मुक्काम करायचा, म्हणून वळकट्या बरोबर घेतल्या. निघताना नानासाहेब म्हणाले, "त्या गावात रझाकारांनी सहा माणसं मारलीत. जरा जपून बोला." एवढंच म्हणाले. सुऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे केलं ते मी केलं.

सहा माणसं मेल्याचं मलाही ठाऊक होतं. पोलीस ॲक्शननंतर घोणसदरीच्या शेजारच्या वाडीतली दोन मुसलमान घरं नाहीशी झाली, हेही ठाऊक होतं. त्यांचं काय झालं ते कुणी विचारत नव्हतं. वाटेनं चालताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. इलियास पुढं चालत होता. त्याच्या सदऱ्यावर तो पट्टा आणि पट्ट्यावर ती काळी मूठ. माझ्याही कमरेला कोयता होता, पण माझी नजर त्याच्याच मुठीवर जात होती. माझा दिसला तर कोयता, त्याचा दिसला तर हत्यार, असं मला वाटायला लागलं.

दरीच्या तोंडाशी चिंचेखाली पाणी प्यायला बसलो तेव्हा मी विषय काढला.

"सुरा काढ आन वळकटीत ठिव."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? गाव कोणतं हाय, म्हाईत नाय का तुला?"

"म्हाईत हाय. म्हणूनच पारावर ठिवीन. सगळ्यांच्या देखत ठिवीन."

"तू पारावर ठिवशील रे. पण पारापर्यंत जाईस्तोवर वाटेत कुणी बघितलं तर? नाव विचारलं तर?"

"नाव तर सांगावंच लागंल. सुरा नसला तरी नाव इलियासच हाय." तो हसला. मग गंभीर झाला. "अब्बाला कळलं तर मारतील मला. पार येईस्तोवर वाटेत पट्टा सोडायचा नाय म्हणून शपथ घातलीय."

"तुझे अब्बा शहागंजात हायेत. घोणसदरीत नाय. ऐक माझं. दोन दिवसांचा तर सवाल हाय."

मी त्याच्यापेक्षा लहान, पण हा मुलूख माझा, इथली माणसं माझी. या बाबतीत तो माझ्यावर भरवसा ठेवणारच होता. शेवटी त्यानं पट्टा सोडला. सदऱ्यावर जिथं पट्टा असायचा तिथं कापड कमी मळलेलं होतं, त्याची एक आडवी पट्टी दिसायला लागली. त्यानं त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "नंगा झाल्यावानी वाटतंय रे."

माझ्या गळ्यात लाल काठाचं उपरणं होतं. ते मी काढलं, सुरा म्यानासकट त्यात गुंडाळला आणि माझ्याच हातानं त्याच्या वळकटीच्या पोटात सारला.

पारावर चार-पाच माणसं बसली होती. मधला माणूस चाळिशीचा, रुंद खांद्याचा. त्याचं नाव कारभारी. गावाचं बरं-वाईट तोच बघायचा. मी रामराम घातला, कमरेचा कोयता सोडून पारावर ठेवला. कारभाऱ्यानं इलियासकडं बघितलं.

"याच्याजवळ?"

इलियासनं माझ्याकडं बघितलं. अजून वेळ होती. वळकटी सोडून सुरा काढला असता, पारावर ठेवला असता, आणि म्हटलं असतं की कमरेला टोचत होता म्हणून गुंडाळला. पण उत्तर मी दिलं.

"त्याच्याजवळ काय नाय. तो झेंडी धरतो."

"नाव?"

"इलियास. इलियास निजामुद्दीन, शहागंज," इलियासनं सांगितलं. आवाज जराही हलला नाही.

पारावरच्या एकानं तोंडातली तंबाखू थुंकली. मग कारभारी म्हणाला, "मोजणीवाला हाय ना? मंग बसा. मोजणीवाला मोजणीवाला असतो. गूळपाणी आणा रे." आणि मला म्हणाला, "चावडीच्या ओसरीवर टेका. भाकरीचं माझी भावजय बघंल."

मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, बरं झालं सुरा लपवला. त्या माणसांनी सुरा बघूनही गूळपाणी दिलं असतं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

चावडीला लागूनच चतुराबाईंचं अंगण होतं. चतुराबाई म्हणजे कारभाऱ्याची थोरली भावजय. मारल्या गेलेल्या सहांमध्ये तिचा नवरा होता आणि लेकही. तिनं आम्हाला पिठलं-भाकरी आणून दिली. इलियासच्या पुढ्यात थाळी ठेवताना ती जरा थांबली, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "लगीन झालं का रं?"

"झालं मावशी. सहा म्हयने झाले."

"मंग डोंगरात काय करतो? घरी राहावं माणसानं." असं म्हणून ती आत गेली. पुन्हा येऊन तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. मला नाही वाढली.

जेवण झाल्यावर मी विहिरीवर हातपाय धुवायला गेलो. इलियास ओसरीवर वळकटीला टेकून बसला होता. उन्हं कलत होती. विहिरीवरून मला ओसरीही दिसत होती आणि अंगणही. अंगणात कोपऱ्याला एक तांबडं वासरू बांधलेलं होतं. ते उड्या मारत खुंट्याभोवती फिरलं, दावं खुंट्याला गुंडाळलं गेलं, आणि गळ्याला फास बसला. ते आडवं पडलं. त्याचे पाय हवेत झटके देत होते आणि आवाज फुटत नव्हता. मी पाहिलं तोवर इलियास उठला होता.

तो आधी अंगणात धावला. दोन्ही हातांनी फास सैल करू बघितला. दावं नवं होतं, अंबाडीचं, पीळ घट्ट बसलेला. त्याची बोटं शिरेनात. तो परत धावत ओसरीवर आला, वळकटी उधळली, उपरण्यातून सुरा ओढला, म्यान तिथंच टाकलं आणि उघडं पातं हातात घेऊन अंगणाकडं पळाला. त्या वेळी तो झाडाझुडपांतला खलाशी होता, बाकी कोणी नव्हता. रानात दोर अडकला की तोडायचा, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक होतं.

तेवढ्यात चतुराबाई शेणाची पाटी घेऊन दारात आली. तिला वासरू दिसलं नाही, ते भिंतीच्या आड होतं. तिला दिसला तो नागवा सुरा घेऊन अंगणात घुसलेला माणूस, ज्यानं पारावर काहीच ठेवलं नव्हतं.

"आले! आले रे, आले!"

रझाकार आले त्या दिवशीही गावात हीच आरोळी उठली होती म्हणे.

कारभारी गल्लीत लाकडं फोडत होता. तो कुऱ्हाडीसकट आला. मी विहिरीवरून ओरडलो, "आहो, नका! वासरू! वासरू!" मी पळालो. ओल्या दगडावर पाय घसरून पडलो, पुन्हा उठलो. इलियास गुडघ्यावर बसलेला होता, पाठ दाराकडं. त्यानं दावं कापलं. ते तुटल्याचा आवाज मला आला, खरंच आला. मग कुऱ्हाड त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसली.

तो वासरावरच पडला. वासरू त्याच्या खालून धडपडत निघालं, उभं राहिलं, आणि खोकल्यासारखं करत आईकडं गेलं.

कारभाऱ्यानं तुटलेलं दावं बघितलं. वासराच्या गळ्यातला तुकडा बघितला. कुऱ्हाड त्याच्या हातातून गळून पडली. मग त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "त्याच्याजवळ काय नाय म्हणाला होता ना तू?"

मी इलियासचं डोकं मांडीवर घेतलं होतं. चतुराबाईनं तिचा पदर फाडून जखमेत कोंबला. तो शुद्धीवर होता. पाणी पाजलं तर आत जात नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता. काही बोलला असता तर बरं झालं असतं, शिवी दिली असती तरी. आम्ही त्याला बैलगाडीत घातलं. गाडी दरीच्या तोंडाशी आली, जिथं आम्ही पाणी प्यायलो होतो त्या चिंचेपाशी, तेव्हा तो गेला. माझ्या गावच्या रीतीप्रमाणं मी त्याचे डोळे मिटले. त्यांच्यात काय करतात ते मला ठाऊक नव्हतं.

गाडी रात्रीच घोणसदरीत माघारी आणली होती. फौजदार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्याच्याआधी सकाळीच मी ओसरीवर गेलो होतो. वळकटी तशीच पसरलेली होती. माझं उपरणं त्यात पडलं होतं, पात्याच्या तेलाचा लांबट डाग पडलेलं. मी ते उचललं, घडी केली आणि सदऱ्याच्या आत पोटाशी खोचलं. म्यान तिथंच राहू दिलं.

फौजदारानं पंचनामा केला. मला विचारलं, "तू बरोबर होतास. सुरा त्यानं कधी लपवला, तुला माहीत होतं का?"

"नाय साहेब."

कारभारी कोपऱ्यात उकिडवा बसला होता, हात दोरीनं बांधलेले. तो म्हणाला, "त्याला कुठून म्हाईत असणार साहेब. त्यानं सोताचा कोयता पारावर ठिवला की." माझी बाजू घेणारा तो एकटाच होता.

कागदात लिहिलं गेलं की, मयत इसमाने सुरा अंथरुणात लपवून गावात आणला आणि एकट्या विधवा बाईच्या अंगणात उघडा करून शिरला. सांगावा पोचून आलेल्या नानासाहेबांनी खाली सही केली. मी अंगठा दिला. ते काय लिहिलंय हे मला वाचून दाखवलं होतं, म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

निघताना चतुराबाईनं मला अंगणाच्या कडेला गाठलं. तिचा आवाज बसला होता.

"त्यानं सुरा पारावर काऊन ठिवला नाय रे? पारावर असता तर मीच म्हणले असते, पळ बाबा, घेऊन ये लवकर, माझं वासरू मरतंय. मी काऊन ओरडले असते?"

आठ-नऊ महिन्यांत कारभारी सुटून घरी आला. लपवलेलं हत्यार घेऊन घरात शिरणाऱ्याला घरच्या माणसानं मारलं, यात नवल काय, असं सगळ्यांचं मत पडलं. मुसलमानांनाही त्यावर काही बोलता येईना, कारण रीत त्यांचीही तीच होती.

घडलं ते सांगायला शहागंजात मलाच जावं लागलं. चाचा चाकावर कुणाची तरी कात्री धरून बसले होते. माती झाल्याचं त्यांना कळलं होतं, मोजणीच्या कचेरीतून माणूस येऊन गेला होता. ते रडले नाहीत. चाक फिरत होतं, पण कात्री त्याला टेकत नव्हती.

"सुरा कहां था?" त्यांनी विचारलं.

"वळकटीत, चाचा."

"कमर से किसने निकाला?"

आतल्या पडद्यामागं बांगड्या वाजल्या. इलियासची बायको अमिना तिथं उभी होती. ती दोन जिवांची होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उपरणं माझ्या घरी पेटीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण फौजदाराला मी नाय म्हणालो होतो, कागदावर माझा अंगठा होता, आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटलं मलाही बांधून नेतील. हे कारण होतं. दुसरं काही नव्हतं.

"त्यानंच असंल, चाचा," मी म्हणालो.

"उसने?"

"व्हय."

चाचांनी चाक थांबवलं. मला पाणी विचारलं. मी नको म्हणालो आणि उठलो. त्यानंतर त्यांनी सुरा बनवला नाही, असं मला सिल्लोडच्या एका मधवाल्यानं दोन वर्षांनी सांगितलं. भाता विकून टाकला. नुसत्या विळ्या-कात्र्यांना धार लावून देत. कुणी जुना सुरा धारेला आणला तरी परत पाठवत.

मी मोजणीत राहिलो. साखळी ओढत राहिलो. शहरात काम पडलं तर शहागंज टाळून दुसऱ्या रस्त्यानं जायचो. लग्न झालं, मुलं झाली. कमरेला कोयता लावायचा सोडून दिला, तो बन्सीनं लावावा आणि मी साखळी ओढावी असं ठरवून घेतलं. कितीदा ठरवलं की कुणाकडून तरी कागद लिहून घ्यावा आणि चाचांना पाठवावा. अर्ज लिहून देणाऱ्याच्या पुढ्यात बसलोही होतो एकदा. "बोला, काय लिहू?" तो म्हणाला. मी गाईच्या दाखल्याचं काहीतरी सांगितलं आणि उठलो. ती गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घातल्याशिवाय दुसऱ्याच्या हातानं लिहिता येत नव्हती.

अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो तेव्हा आमच्या गावात प्रौढांचा वर्ग निघाला. मी नाव घातलं. नातवंडाच्या पाटीवर अक्षरं गिरवली. दीड वर्षानं मी तो कागद लिहिला. एका पानाचा होता. सुरा मी काढायला लावला, माझ्या उपरण्यात मी गुंडाळला, पारावर मी खोटं बोललो, फौजदारापुढं खोटं बोललो, चाचांपुढं खोटं बोललो. त्याच्यात इलियासचा काही दोष नव्हता. तो दावं कापायला गेला होता आणि दावं कापूनच पडला.

कागद आणि उपरणं पिशवीत घालून मी शहागंजात गेलो. चाचांच्या ओट्यावर आता बांगड्यांचं दुकान होतं. विचारत विचारत मागच्या गल्लीत अमिनाचं घर सापडलं. ती शिवणयंत्रावर बसली होती. केस पांढरे झालेले. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं यंत्राचं चाक हातानं धरून थांबवलं.

"सांडूभाऊ," ती म्हणाली. "बसा. राहत, पानी ला."

राहत म्हणजे इलियासची मुलगी. तीस वर्षांची बाई होती ती. सुऱ्याची मूठ धरावी तसा तिनं पेला धरला होता, बापासारखा. मी पाणी घेतलं नाही, आधी कागद पुढं केला. अमिनानं तो मुलीकडं दिला. राहत मराठी शाळेत शिकलेली. तिनं उभ्या उभ्या मोठ्यानं वाचला. माझी अक्षरं वाकडी होती, तिला अडखळावं लागत होतं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला, पण तिनं शेवटपर्यंत वाचला.

अमिनानं यंत्रातलं कापड ओढून काढलं.

"तुम्ही येऊन गेल्यावर अब्बा बारा वर्षं जगले," ती म्हणाली. "रोज नाही, पण चार-आठ दिवसांनी एकदा मला विचारायचे. अमिना, तो घरातून निघताना काही बोलला होता का? कुणावर राग होता का त्याचा? मी म्हणायची, नाही अब्बा. तर म्हणायचे, मग पट्टा का सोडला? मी शिवलेला पट्टा होता, आपोआप सुटत नाही. माणसानं ठरवून सोडल्याशिवाय सुटत नाही. मरायच्या दिवशीसुद्धा विचारलं. तो कुणाला मारायला गेला होता, सांग मला, मी कुणाला सांगत नाही."

मी पिशवीत हात घातला.

"मला माहीत होतं तो तसा नव्हता. मला तुमच्या कागदाची गरज नव्हती. ज्यांना होती ते गेले."

मी पिशवीतून उपरणं काढून तिच्यापुढं ठेवलं. तेलाचा डाग काळा पडला होता, पण पात्याचा आकार अजून ओळखू येत होता. तिनं त्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला.

"हे राहू द्या," ती म्हणाली. "हे तेल त्याच्या हातचं आहे. कागद घेऊन जा."

"कुठं नेऊ, भाभी?"

"अब्बा कब्रस्तानात आहेत. त्यांना जाऊन वाचून दाखवा. आता वाचता येतं ना तुम्हाला?"

राहत मला कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत सोडायला आली. आत आली नाही. कुठली कबर ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, "कडुनिंबाच्या बाजूला, मातीची आहे. दगड लावला नव्हता. दादाजान नको म्हणाले होते, नाव नको." आणि ती परत गेली.

कडुनिंब तीन होते. त्यांच्या आजूबाजूला मातीच्या कबरी वीस-पंचवीस असतील. कुणावर नाव नव्हतं, बऱ्याच खचलेल्या होत्या. राखणदार म्हातारा होता, त्यालाही सांगता आलं नाही. दुपारचे तीन वाजले असतील. मी पहिल्या झाडापासून सुरुवात केली. एकेका कबरीपाशी उभं राहायचं, चाचा म्हणायचं, आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायचा. मला भरभर वाचता येत नव्हतं. दिवस मावळताना राखणदार फाटक लावायला आला तेव्हा तिसऱ्या झाडाखालच्या सहा कबरी राहिल्या होत्या.